अकरानंतर बारा

रविवारी सकाळी सात वाजता थोरली इस्पितळाच्या तळघरात उतरली, दाराजवळच्या खुंटीवरचा जुना स्वेटर चढवला आणि स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसली. मशीनरूममध्ये बाराही महिने थंडी. माणसं काकडली तरी चालतील, यंत्रांना घाम फुटता कामा नये, असा तिथला न्याय. रविवार निवडला तो बाहेरचे पेशंट नसतात म्हणून. बाबांना जाऊन तेहतीस दिवस झाले होते.

या खोलीत नक्की काय आहे, हे वरच्या मजल्यांवर कुणालाच ठाऊक नसतं आणि सगळं सुरळीत असेल तर ठाऊक असायची गरजही नसते. इस्पितळात जेवढे म्हणून एक्स-रे आणि स्कॅन निघतात, ते सगळे इथल्या एका कपाटात येऊन पडतात. कपाट डिस्कांनी भरलेलं, त्याला सगळे स्टोरेज म्हणतात. त्याच्यासमोर सर्व्हर. वर डॉक्टरांनी फोटो मागितला की सर्व्हर तो कपाटातून काढून देतो. दोघांच्या मधे वायर. ती वायर गेली की कपाटात सगळं जागच्या जागी असूनही नसल्यासारखं. म्हणून कपाटाला दोन कंट्रोलर असतात, डावा आणि उजवा. दोन दरवाजेच म्हणा ना; एक बंद पडला तर दुसऱ्यातून ये-जा व्हावी. प्रत्येक दरवाजाला वायर लावायची दोन भोकं. डावीकडच्या भोकांचे नंबर अकरा आणि बारा, उजवीकडच्यांचे एकवीस आणि बावीस.

गेले तेहतीस दिवस सगळं इस्पितळ एकट्या एकवीसवर चाललं होतं. डावा कंट्रोलर जळाला होता, तो बदलून नवा यायला इतके दिवस लागले. आज राहिलेले तिन्ही मार्ग जोडायचे. प्रत्येक भोकाचा पत्ता, ज्याच्या शेवटी त्याचाच नंबर, कमांड देऊन सर्व्हरला सांगायचा, त्या पत्त्यावर लॉगिन करायचं, मग मार्गांची यादी मागवायची. तासाभराचं काम. आठ महिन्यांपूर्वी दुसरा मार्ग तिनेच जोडला होता.

"आलीस?" वायरकाका आतल्या खोलीतून चहाचा कागदी कप घेऊन आले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस. खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नव्हतं. "मला वाटलं, साहेब दुसऱ्या कुणाला धाडतील."

"दुसरं आहे कोण, काका?"

"तेही खरंच. साहेबांना स्वतःला तर माऊस उजव्या हातात धरायचा की डाव्या, इथून सुरुवात." त्यांनी कप तिच्यापुढे ठेवला. "चला, लावून टाकू सगळ्या वायरी. बैल गेला आणि—"

ते मधेच थांबले. कपाळावर हात मारून घेतला.

"झोपा केला," तिनेच म्हण पुरी केली. "म्हणा की. खोटं थोडंच आहे?"

"जीभ झडो माझी."

"काही नको झडायला. मला अजून तीन भोकं भरून हवीयत तुमच्याकडून."

काकांचा एक नियम होता. तोंडी सांगितलेली वायर ते लावत नसत. "तोंडाला फिरायला वेळ लागत नाही, चिठ्ठी दे," म्हणत. चिठ्ठीवर वायर कुठून कुठे, तारीख आणि सही. काम झालं की चिठ्ठी त्यांच्या टेबलावरच्या उभ्या तारेत खोचली जायची. तार भरली की गठ्ठा सुतळीने बांधून कपाटात. नवी पोरं त्यावर हसत. थोरलीही हसली होती, एके काळी.

तिने आजच्या तीन चिठ्ठ्या लिहिल्या. लिहून झाल्यावर कपाटाच्या मागे जाऊन प्रत्येक भोकाखालचा नंबर बोट ठेवून वाचला, परत आली, आणि मगच सही केली. खुर्चीपासून कपाटाची मागची बाजू दहा पावलांवर होती. तिने मोजली होती.

आठ महिन्यांपूर्वी ती ही दहा पावलं चालली नव्हती.

त्या दिवशी अकराचा मार्ग चालू होता आणि दुसरा जोडायचा होता. कीबोर्डवर वरचा बाण दाबला की मागचीच कमांड पुन्हा समोर येते. शेवटचा आकडा तेवढा बदलायचा. सगळे असंच करतात, पुन्हा अख्खी ओळ कोण लिहीत बसणार? तिनेही बाण दाबला. बोटांनी अकरा खोडले आणि बारा लिहिले. अकरानंतर बारा येतात हे बोटांना पहिलीच्या वर्गापासून पाठ. लिहायचे होते एकवीस. मग स्क्रीनवर बघूनच तिने चिठ्ठी उतरवली: दुसरी वायर, भोक नंबर बारा. काकांनी चिठ्ठीबरहुकूम वायर लावली. तिने यादी मागवली. यादीत दोन ओळी आल्या, दोन्ही चालू, दोन्ही तयार. तिने दोन मोजले आणि कामाच्या नोंदीत बरोबरची खूण केली. दोन्ही वायरी डाव्याच दरवाजातून आत जात होत्या, हे ती यादी ओरडून सांगणार नव्हती. ते यादीत लिहिलेलं होतं, वाचणाऱ्याला दिसलं असतं. ती वाचत नव्हती, मोजत होती.

त्याच संध्याकाळी जेवताना तिने बाबांना सांगितलं होतं. बाबा जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. तिच्या नोकरीतलं त्यांना एवढंच समजायचं जेवढं दोर, वजन आणि कप्पी यांत बसवता येईल, आणि ते जवळजवळ सगळं बसवत.

"आता दोन वायरी झाल्या, बाबा. एक तुटली तरी चिंता नाही."

"छान. आणि बांधल्यात कुठे?"

"म्हणजे?"

"दोर किती ते मोजायचं नसतं गं. खालून बघितलं तर चार काय नि सहा काय, सगळे छान लोंबतात. वर जाऊन हूक बघायचा असतो."

"झालं सुरू," आई पोळी वाढत म्हणाली होती. "गोदाम, साखरेची पोती, दोन दोर एकाच हुकाला, हूक निसटला आणि लिफ्ट खाली. नशीब आत माणूस नव्हता. जेवू द्या तिला."

"तू गोष्ट सांगितलीस, पण मजा घालवलीस," बाबा म्हणाले, आणि मग थोरलीकडे वळून, घास हातात तसाच, "मागे जाऊन बघितलंस का?"

"बाबा, स्क्रीनवर दिसतं सगळं. लिफ्ट नाहीये ती."

"नाही ना. मग बरं," म्हणाले आणि घास खाल्ला.

तेहतीस दिवसांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डावा कंट्रोलर जळाला. वरून टेबलावरच्या फोनवर सिस्टरचा आवाज: "जुने फोटो उघडत नाहीयेत. पोटात कळ आलेला पेशंट आहे, डॉक्टर नुसते तापलेत." पेशंटचं नाव सिस्टरने सांगितलं नाही, थोरलीने विचारलं नाही. तळघरातल्यांनी नावं विचारायची पद्धत नाही.

दोन्ही मार्ग मेलेले दिसत होते. दोन वेगळे कंट्रोलर एकाच क्षणी मरणं जवळजवळ अशक्य, तेव्हा दोष कपाटातच असणार, असं तिने धरलं. सर्व्हर बंद करून चालू केला. कपाटाचा वीजपुरवठा तपासला. कंपनीला फोन लावला, तिथल्या माणसाने तिला वीस मिनिटं गाणं ऐकवलं. तिने सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःवर सोडून. अखेर काका बॅटरी घेऊन कपाटाच्या मागे गेले आणि तिथून ओरडले, "ताई, उजवीकडे तर काहीच लावलेलं नाही!"

वायर काढून एकवीसमध्ये लावायला आणि तो पत्ता जोडायला चार मिनिटं लागली. तोवर अकरा वाजले होते. एकूण चाळीस मिनिटं. काम फत्ते झाल्याच्या खुशीत ती चहा प्यायला जिना चढली. तळघराच्या भिंती जाड, तिथे मोबाइल मुका असतो. जिन्याच्या वळणावर रेंज आली आणि खिशात सहा मिस्ड कॉल एकामागून एक थरथरले. सहाही आईचे.

आईने बाबांना टॅक्सीत घालून याच इस्पितळात आणलं होतं, कारण आपली पोरगी तिथे आहे. बाबांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा होता, दोन वर्षांपूर्वी इथेच काढलेल्या स्कॅनमध्ये सापडलेला, लहानसा, नुसतं लक्ष ठेवा म्हणून सांगितलेला. नवा स्कॅन मशीनच्याच स्क्रीनवर दिसत होता, त्यात फुग्याच्या कडेला एक सावली होती. ती जुनी की आजची, फुगा गळतोय की पोटदुखी दुसऱ्याच कशाने आहे, हे डॉक्टरांना जुना फोटो शेजारी ठेवून बघायचं होतं. बाबांचं हृदय नाजूक, उगाच पोट फाडणंही जीवावरचंच. म्हणून थांबले. अकरा वाजता फोटो उघडला, सव्वा अकराला बाबांना आत नेलं. पावणेबाराला ते गेले.

नंतर कधीतरी कॉरिडॉरमध्ये तिने डॉक्टरांना गाठलं.

"चाळीस मिनिटं आधी आत नेलं असतं तर?"

"सांगता येत नाही."

"अंदाज?"

डॉक्टरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "अंदाज केला तर तुम्ही तो जन्मभर धरून बसाल. आणि खरं सांगू, मला खरंच माहीत नाही."

साहेबांकडेही ती गेली. चूक माझी होती, म्हणाली. बाराचं भोक, एकवीसचं नाही. साहेबांनी दार लोटून घेतलं. "कंपनीच्या अहवालात काय लिहिलंय? कंट्रोलर निकामी. तो निकामी झाला की नाही? झाला. मग तुम्ही कशाला हात दाखवून अवलक्षण करताय? घरी जा. आईंना बघा."

आईंना बघा! आईला बघणंच तर कठीण होतं. आईने तोवर आपल्यापुरती एक गोष्ट रचली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, पहिल्यापासून, टॅक्सीवाल्याच्या बोलण्यासकट. आणि त्या जागेवर आली की पाठ ताठ करायची. "डॉक्टर हात बांधून उभे, मशीन बंद. आणि माझी लेक खाली तळघरात, बापासाठी जिवाचं रान करत होती हो. शेवटी तिनेच चालू केलं. तिने चालू केलं म्हणून तर आत नेता आलं त्यांना. नाहीतर दारातच गेले असते." येणारे थोरलीकडे बघत. कुणी पाठीवरून हात फिरवी. धाकटी बहीण परगावाहून आली होती, तीही जाताना गळ्यात पडून म्हणाली, "तू होतीस म्हणून गं." थोरली खाली मान घालून बसायची, लोकांना वाटायचं, दुःख.

त्या गोष्टीवर आई उभी होती. दोन वेळचं जेवण, आंघोळ, औषधाच्या गोळ्या, सगळं त्या एका वाक्याच्या आधाराने चाललं होतं. ती गोष्ट काढून घ्यायची कशी? आणि न काढता रोज तिच्यासमोर बसायचं तरी कसं?

"ताई, झालं बघ," काका कपाटामागून म्हणाले. "अकरा, बारा, बावीस. चिठ्ठीबरहुकूम."

तिने तिन्ही पत्ते एकेक करून दिले. वरचा बाण दाबला नाही. प्रत्येक ओळ पहिल्या अक्षरापासून लिहिली. यादी मागवली. चार ओळी. तिने त्या मोजल्या नाहीत, वाचल्या, ओठ हलवत, लहान मुलासारख्या. मग पुन्हा उठून मागे गेली. दोन वायरी डावीकडे, दोन उजवीकडे. हात लावून बघितलं.

"आता डावा बंद करते, काका."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

डावा बंद केला. यादीतल्या दोन ओळी मेल्या, दोन जगल्या. वर फोन करून सिस्टरला एक जुना फोटो उघडायला सांगितला. "उघडला की," सिस्टर म्हणाली, "का, काय झालं होतं?" मग डावा चालू करून उजवा बंद केला. पुन्हा फोटो. पुन्हा उघडला. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. आठ महिन्यांपूर्वी ही वीस मिनिटं होती. त्या दिवशी काही विशेष घाईही नव्हती. हे तिने पुष्कळदा आठवून पाहिलं होतं, एखादं कारण सापडावं म्हणून.

काका टेबलाशी उभे होते. कपाटातला एक गठ्ठा त्यांनी सोडला होता. त्यातली एक चिठ्ठी त्यांनी तिच्यासमोर धरली. तिचंच अक्षर. दुसरी वायर, भोक नंबर बारा. तारीख, सही.

"महिनाभर विचार करतोय," काका म्हणाले. "हिच्याशिवाय कुठे काही लिहिलेलं नाही. फाडून टाक. माझा नियम मी एकदा मोडला तर आभाळ कोसळणार नाही."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"त्या मंगळवारी मागे गेलो तेव्हाच. पण तू जिना चढून वर गेलीस, आणि मग..." त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली. "खरं तर लावताना मलाही दिसायला हवं होतं. मी चिठ्ठी वाचतो. कपाट वाचत नाही."

तिने चिठ्ठी घेतली. फाडली नाही. घडी करून पाकिटात ठेवली.

घरी पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. बाबा दर मजल्याला थांबून म्हणत, गावाला चढवलं आणि स्वतः पायी. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती.

"खाल्लंस काही?"

"आई, तुला एक सांगायचंय."

"सांग की. हात कशाला धरलेत माझे?"

थोरलीने चिठ्ठी ओट्यावर ठेवली. आईला चष्मा लागायचा, तो बाहेरच्या खोलीत होता. थोरली उठून चष्मा घेऊन आली. आईने चष्मा लावून चिठ्ठी वाचली, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"हे काय?"

"मशीन बंद पडलं ना त्या दिवशी... ते बंद पडायला नको होतं. मी दोन वायरी लावल्या होत्या, आठ महिन्यांपूर्वी. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्या दोन्ही मी—" कंट्रोलर, पत्ता, मार्ग. आईला यातलं काय सांगायचं?

"एकाच हुकाला," आई म्हणाली.

लिफ्टवाल्याची बायको. एक्केचाळीस वर्षं ती गोष्ट ऐकलेली. तिला काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

"हो," थोरली म्हणाली.

आईने चिठ्ठी होती तशी घडी केली आणि ओट्यावर ठेवली. एक शेंग उचलली, सोलली, दाणे वाटीत टाकले. दुसरी उचलली. थोरली वाट बघत राहिली. ओरडेल, रडेल, निदान मान वळवेल. आई शेंगा सोलत होती.

दारावरची बेल वाजली. शेजारच्या मावशी आल्या होत्या, त्यांची दूरची नणंद घेऊन. तिला आजवर भेटायला यायला जमलं नव्हतं. आईने हात पदराला पुसले, दोघींना बसवलं, पाणी दिलं. नणंदेने विचारलं, अचानकच झालं का हो? आणि आईने गोष्ट सुरू केली. पहाटेची कळ. टॅक्सीवाला, त्याचं बोलणं. इस्पितळाचा दरवाजा, चाकांची खुर्ची. थोरली भिंतीला टेकून उभी होती. ती जागा जवळ येत चालली तशी ती आईच्या पाठीकडे बघायला लागली.

"डॉक्टर हात बांधून उभे," आई म्हणाली. "मशीन बंद होतं."

तिची पाठ ताठ झाली नाही.

"मग चालू झालं. मग आत नेलं. मग गेले."

मावशींनी ती गोष्ट चारदा ऐकलेली. त्या थांबल्या, थोरलीकडे बघितलं, मग आईकडे. "आणि ही खाली होती ना," त्यांनी नणंदेला सांगायला घेतलं, "हिनेच तर—"

"चहा घेणार ना?" आई म्हणाली आणि उठली.

त्या दोघी चहा घेऊन गेल्या. आईने कप विसळले, पालथे घातले. एक कप भरून थोरलीपुढे ठेवला, साखर कमी, तिला लागते तशी. मग समोर बसली.

"आज गेली होतीस ना कामाला. आज मागे जाऊन बघितलंस?"

"हो. दोनदा. हात लावून."

"बरं केलंस."

शेंगांची टोपली तिने पुन्हा जवळ ओढली, पण हात तसाच राहिला.

"मग तेव्हा का नाही गं गेलीस?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. येताना दूध का नाही आणलंस, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं, आणि तशाच साध्या उत्तरासाठी ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. खुर्चीपासून दहा पावलं होती, विशेष घाई नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. थोरलीने तोंड उघडलं. चहावर साय धरायला लागली होती. आई वाट बघत होती.